किरव्यांवर आळ

२ जुलै २०१९. रात्री साडेनवाच्या सुमाराला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याचं गाव, वर घाट, बाहेर कोसळता पाऊस. धरणाखालच्या भेंदवाडीतली घरं पाण्याच्या लोंढ्यानं उचलून नेली. उजाडलं तेव्हा अंगणांच्या जागी धोंडे आणि चिखल होता. वीसहून अधिक माणसं गेली. शोध कित्येक दिवस चालला, आणि काही देह वाशिष्ठीच्या पात्रात पार खाली सापडले.

धरण मातीचं होतं, सुमारे २८ मीटर उंच आणि तीनशे मीटरहून थोडं लांब. ते गळतंय अशी तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. काही डागडुजी झाली होती, असंही तेव्हा सांगण्यात आलं. मग धरण फुटल्यावर दोन दिवसांनी राज्याचे तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण सांगितलं: खेकडे. धरणात वर्षानुवर्षं पाणी साठत होतं तेव्हा काही झालं नाही. अलीकडे खेकड्यांनी भिंत पोखरली आणि गळती लागली, असं त्यांचं म्हणणं होतं.

महाराष्ट्र हसला. हसण्यासारखा प्रसंग नव्हता, पण हसला. ठाण्यात विरोधी पक्षातले आमदार जितेंद्र आव्हाड खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि आरोपींना अटक करा म्हणाले. व्यंगचित्रकारांची चार दिवसांची सोय झाली. मग सरकारनं चौकशी पथक नेमलं आणि खेकड्यांचा विषय मागं पडला.

मला तो मागं पडू द्यायचा नाही. खेकडा भोक पाडतो, हे खोटं नाही, आणि कोकणातल्या माणसाला ते कुणी सांगायलाही नको.

चिपळूण-संगमेश्वराकडे त्याला किरवा म्हणतात. मिरग लागला, पऱ्याला म्हणजे ओहोळाला लाल पाणी आलं की किरवी बिळांतून बाहेर पडतात, आणि पोरंसोरं रात्री बत्ती घेऊन त्यांच्या मागावर निघतात. किरव्यांचं कालवण हा आमच्या पावसाळ्याचा अर्धा आनंद आहे. उरलेलं वर्ष किरवा बांधाच्या ओल्या मातीत दडून असतो. भातखाचराचा बांध त्याच्या राहणीला फार सोयीचा: एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतार, मध्ये मऊ माती. तो बीळ करतो, त्यातून पाणी झिरपू लागतं, आणि लक्ष दिलं नाही तर रात्रीतून बांध फुटून वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं.

पण कुठल्याही शेतकऱ्यानं बांध फुटल्यावर किरव्याला शिव्या देऊन घरी बसल्याचं ऐकिवात नाही. मोठी सर येऊन गेली की डोक्यावर इरलं आणि हातात कुदळ घेऊन बांधावरून फेरी मारायची असते. भोक दिसलं की टाच दाबायची, गवताचा किंवा पेंढ्याचा बोळा कोंबायचा, वर चिखलाचा गोळा थापायचा. पुढच्या सरीनंतर पुन्हा फेरी. याला शेतीचं कामसुद्धा कुणी म्हणत नाही, जाता जाता करायची ती गोष्ट.

मातीच्या धरणाचं शास्त्र याहून फार वेगळं नाही, फक्त आकडे मोठे होतात. भिंतीच्या मधोमध चिकणमातीचा घट्ट गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरुमाचं कवच, पाण्याच्या बाजूला दगडांची अस्तरी. असं धरण थोडं पाझरतंच, आणि पाझर सुखरूप बाहेर काढायला पोटात वाळूखडीची गाळणी ठेवलेली असते. घात होतो तो पाण्याला गाळणी चुकवून दुसरी वाट सापडली की. झाडाचं कुजलेलं मूळ, उंदराचं बीळ, पाणी सोडायच्या नळाशेजारची पोकळी, बांधकामात नीट न दाबलेला थर, काहीही पुरतं. त्या वाटेनं जाताना पाणी मातीचे कण घेऊन जातं, वाट रुंदावते, जास्त पाणी येतं, जास्त माती जाते. भिंत आतून पोकळ होत असताना बाहेरून हिरवीगार दिसते. मग एका रात्री माथा बसतो.

आता या खटल्यात एक लांबचा साक्षीदार काढतो. तो रत्नागिरीत नाही, भारतात कुठंच नाही.

बीव्हर हा उत्तर अमेरिकेत आणि युरोप-आशियाच्या थंड भागात राहणारा, कुरतडणारा प्राणी. उंदराच्या गोतातला, पण वीस-पंचवीस किलोचा. काही कोशांत त्याला ऊदबिलाव म्हणून टाकलेलं असतं, ते चूक. ऊदबिलाव म्हणजे आपलं पाणमांजर, कोकणातला हूद. हूद मासे खातो आणि बांधकामाच्या भानगडीत पडत नाही. बीव्हर झाडाची साल आणि पाला खातो, आणि ओहोळावर धरण बांधतो. दातांनी झाड पाडायचं, फांद्या ओढत आणायच्या, प्रवाहात रोवायच्या, वर धोंडे आणि चिखल. मागं तळं साठलं की त्यात काटक्यांचं घर, आणि घराचं दार पाण्याखाली, म्हणजे लांडग्याला आत शिरता येत नाही. सगळा खटाटोप या एका दारासाठी.

मला या प्राण्याची सर्वांत आवडलेली गोष्ट १९६०च्या दशकातली आहे. लार्स विल्सन या स्वीडिश अभ्यासकानं बीव्हरांना वाहत्या पाण्याचा आवाज कर्ण्यातून ऐकवला. तिथं पाणी नव्हतं, गळती नव्हती, नुसता आवाज. बीव्हर आले आणि त्यांनी त्या आवाजावर काटक्यांचा नि मातीचा ढीग रचायला सुरुवात केली. गळतीचा आवाज कानावर पडला की त्याला चैन पडत नाही. त्याचं घरच त्या भिंतीच्या मागं असतं, म्हणून.

माणसानं त्याला टोपीसाठी मारलं. त्याच्या अंगच्या लोकरीचा नमदा फार उत्तम होतो, आणि युरोपातल्या सभ्य गृहस्थांना दोन-तीन शतकं त्याच टोप्या लागत. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी या कातड्यांवर गब्बर झाली. १९००च्या सुमाराला युरोप-आशियात सगळे मिळून जेमतेम बाराशे बीव्हर उरले होते. ते गेल्यावर त्यांचे बांध कुजून फुटले, तळी रिकामी झाली. बांधांपाशी थबकत थबकत जाणारं पाणी सरळ धावू लागलं आणि ओहोळांनी आपलाच तळ खणून काढला. काठाच्या जमिनीतलं पाणी त्या खोल पात्राकडे ओघळून गेलं. ओल गेली, तिच्याबरोबर बेडूक, बदकं, माशांची पिल्लं वाढायची उथळ पाणथळ जागा गेली. ही ओल बीव्हरनं धरून ठेवली होती, हे तो नाहीसा झाल्यावर हळूहळू कळलं. मग त्याला परत आणायची धडपड सुरू झाली. अमेरिकेतल्या आयडाहोत १९४८ साली शहात्तर बीव्हर पेट्यांत घालून विमानातून हवाई छत्र्यांनी डोंगरांत उतरवले. आता युरोप-आशियातली त्यांची संख्या दहा लाखांच्या वर आहे.

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एका नदीवर एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाच वर्षं मोजमाप घेतलं. बांधांच्या खाली पुराचा शेंडा ठेंगणा होतो, पाणी रेंगाळत उतरतं, आणि गाळ वरच अडकतो, असं दिसलं. २०२० साली तिथले बीव्हर कायमचे राहू द्यायचं ठरलं. त्या नदीचं नाव ऑटर, म्हणजे हूद! कोशकारांना माफ करायला हरकत नाही.

त्याला संत ठरवायचंही कारण नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्युएगोत, १९४६ साली कातड्याच्या धंद्यासाठी बीव्हर नेऊन सोडले. तिथली झाडं कुरतडल्यावर पुन्हा फुटणारी नव्हती. जंगलांचे पट्टेच्या पट्टे पाण्यात उभे वाळले. आणि अमेरिकी सरकारनं २००५ साली धरणमालकांसाठी एक पुस्तिका काढली, मातीच्या धरणांना प्राण्यांचा उपद्रव कसा होतो याबद्दल. तिच्यात आरोपींच्या रांगेत खुद्द बीव्हर आहे: भिंतीत बिळं करतो, सांडवा काटक्यांनी तुंबवतो. चिखलात बिळं करणारा, आपल्या किरव्याचा लांबचा भाऊ शोभेल असा क्रेफिशही आहे. म्हणजे सावंतांचं म्हणणं शास्त्राला अगदीच सोडून नव्हतं. पण ती पुस्तिका प्राण्यांचा दोष सांगून थांबत नाही. भिंतीवरचं गवत कापत राहा म्हणजे बिळं दिसतील, फिरून पाहा, भोक सापडलं की लगेच बुजवा, हे ती मालकाला बजावते.

आमच्याकडे हे काम कोण करत होतं आणि ते कधी सुटलं, हा वाशिष्ठीच्या खोऱ्याचा खरा इतिहास आहे.

या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. वाशिष्ठी तिवऱ्याच्याच डोंगरात उगवते आणि जेमतेम सत्तर किलोमीटरांत दाभोळच्या खाडीला मिळते. एवढ्या थोडक्यात एवढी उंची उतरायची तर पाणी थांबणार कुठं? म्हणून जुन्या लोकांनी ते अडवायची रीत काढली होती. दिवाळी सरली, पऱ्याचं पाणी निवळलं की वाडीची बैठक होई. दिवस ठरे. घरटी एक माणूस. राखणदाराला नारळ, गाऱ्हाणं, आणि मग पऱ्यात आडवे धोंडे, त्यांच्या फटींत पालापाचोळा, वर मातीचा लेप. बांध पुरुषभरही उंच नसे. त्यामागचं पाणी पाटानं खालच्या मळ्यांत जाई आणि त्यावर वायंगणाचं भात निघे. बांधाच्या वर-खाली विहिरींचं पाणी टिके. मार्चपर्यंत दर चार-आठ दिवसांनी कुणीतरी जाऊन फट लिंपून येई. जूनच्या पहिल्या लोंढ्यात बांध वाहून जाई आणि त्यात कुणाला दुःख नसे. वर साचलेला गाळही त्याच्याबरोबर पुढं सरके. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा धोंडे.

या कामात नि बीव्हरच्या कामात किती साम्य आहे ते पाहा: तोच ओहोळ, तेच धोंडे-पाला-चिखल, तीच गळकी, बुटकी भिंत, तीच सततची लिंपालिंपी. कोकणी शेतकऱ्यानं बीव्हर कधी पाहिलेला नव्हता.

खाडीकडे याचंच दुसरं रूप होतं. तिथं बांध गोडं पाणी अडवायला नसे, खारं पाणी बाहेर ठेवायला असे. उधाणाच्या भरतीला खारबांधाला खांड पडली की शेत तीन-चार पावसाळे नासलं. तिथंही चिखलात खेकडे, तिथंही उंदीर, आणि तिथंही अमावास्या-पौर्णिमेला बांधावर चालणारी माणसं.

हे सगळं गोडीगुलाबीनं होत होतं असं मात्र समजू नये. रत्नागिरी हा खोतांचा जिल्हा. आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे फुकट राबायचं, त्याला आठवेठ म्हणत. बांधबंदिस्तीचं कितीतरी काम या वेठीवर झालं. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याशी ज्यांच्या घराण्याचं नातं, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९च्या कायद्यानं. जायलाच हवी होती. तिच्याआधी एक वर्ष, १९४८ साली, खारजमिनींचा कायदा झाला आणि खाडीचे बांध सरकारच्या देखरेखीत येऊ लागले; पुढं १९७९ साली खारभूमी विकासाचा वेगळा कायदा आला. वेठ संपली, पण तिच्या जागी बांधावरून फिरायला कुणाला नेमायचं, याचं उत्तर कागदावरच राहिलं. खोत गेला. कुळं जमिनीची मालक झाली. आणि मालकांची मुलं गिरणीत आणि गोदीत, मुंबईला गेली. घरटी एक माणूस कुठून आणायचा, घरात म्हातारी एकटी. वायंगणाचे मळे एकेक करून पडीक पडले.

त्याच काळात डोंगराच्या पलीकडून नवं पाणी आलं. कोयनेचं धरण झालं, बोगद्यांतून पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरलं, पोफळीचं वीजघर १९६२ साली सुरू झालं. पुढं अलोऱ्याजवळ कोळकेवाडीचं धरण आलं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा या प्रकल्पाला आहे. चाकं फिरवून झालं की ते वाशिष्ठीत पडतं आणि समुद्राला मिळतं. उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी बारमाही झाली. चिपळूणकरांना मे महिन्यात भरलेलं पात्र दिसू लागलं. तिवऱ्यासारख्या वरच्या गावांना त्याचा थेंबाचा उपयोग नव्हता, पाणी त्यांच्या खाली वाहत होतं. त्यांच्यासाठी मग लघुपाटबंधारे आले: डोंगराच्या कुशीत मातीची लहान धरणं. लहान म्हणायचं ते कोयनेच्या मानानं. २८ मीटर म्हणजे नऊ-दहा मजली इमारत.

पऱ्यातला बांध फुटला तर फार तर पाटाचं पाणी जाई. नऊ मजले उंच बांध फुटला तर वाडी जाते. महाराष्ट्राला हे १२ जुलै १९६१ला, पानशेत फुटलं तेव्हाच कळलं होतं. आदल्या रात्री जवानांनी खचत्या भिंतीवर वाळूच्या गोण्या रचून रचून ती सकाळपर्यंत धरून ठेवली, आणि त्या काही तासांनी पुण्यात कितीतरी जीव वाचले. तिवऱ्यात भिंतीवर कुणी नव्हतं. ज्या खात्यानं धरण बांधलं त्याचं कार्यालय लांब, आणि ज्यांचं घर भिंतीखाली होतं त्यांच्या हातात अर्ज करण्यापलीकडे काही नव्हतं. नऊ मजली धरणाला चिखलाचा गोळा लावता येत नाही. त्यांनी आवाज ऐकला होता, आणि तो कळवला होता.

माझ्या मते या दुर्घटनेचं कारण तिथं आहे. चौकशीचा कागद काहीही म्हणो, खेकड्याचं भोक एका रात्रीत पडत नाही.

दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, त्याच वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. २००५ सालीही बुडवलं होतं. या वेळी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्यावरून वाद झाला, अजून होतो. लोकांनी मात्र बोट ठेवलं ते गाळावर. डोंगरांवरची तोड, उघडी पडलेली माती, आणि वर कुठंच न अडता शहरापाशी येऊन बसणारा गाळ. नदीचा तळ उचलला गेला होता. डिसेंबरमध्ये चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण मांडलं, मग यंत्रं आली. नाम फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्थाही उतरली, आणि वाशिष्ठी-शिव नद्यांतून गाळाचे ढीग निघाले. जी माती वरच अडायला हवी होती, ती आता पोकलेन लावून खाली उपसायची.

जुनी रीत पुरती मेलेली नाही. जिल्हा परिषद दर हिवाळ्यात श्रमदानानं विजय बंधारे, कच्चे बंधारे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून केलेले वनराई बंधारे घालून घेते. या शेवटच्यांना नाव मिळालं मोहन धारियांच्या वनराई संस्थेवरून. दरवर्षी त्यांचे आकडे छापून येतात. घातल्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडे किती फेऱ्या झाल्या, याचे आकडे कधी वाचले नाहीत.

२०२५च्या सुरुवातीला चेक देशातून एक बातमी आली. ब्रदी नावाच्या संरक्षित डोंगराळ भागात पाणथळ जागा पुन्हा उभी करायला सरकारला बंधारे हवे होते. आराखडा २०१८ सालीच तयार होता, जमिनीच्या आणि परवानग्यांच्या घोळात तो वर्षानुवर्षं अडकला. तेवढ्यात आठ बीव्हर आले आणि त्यांनी नेमके हवे तिथं बांध घातले. सरकारचे तीन कोटी क्राउन वाचले. मंत्रालयात फायली फिरतात त्या वेगाची सवय असलेल्या माणसाला ही बातमी वाचून त्या आठांचा पत्ता विचारावासा वाटतो.

तो प्राणी इथं येणार नाही, येऊही नये. तिएरा देल फ्युएगोची गत व्हायला वेळ लागत नाही. भिंतीवरून फिरायचं काम इथं माणसांनाच करायचं आहे. त्यासाठी आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. पंधरा मीटरहून उंच धरणांची पावसाआधी आणि पावसानंतर तपासणी करणं आता बंधनकारक आहे, म्हणजे तिवऱ्याएवढं धरण त्यात नक्की बसतं. तपासणीला कोण आलं, कधी आलं, भिंतीवर चाललं की गाडीतूनच पाहून गेलं, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि तुमचं घर अशा भिंतीखाली असेल तर एक खूण ध्यानात ठेवा. पायथ्याशी झिरपणारं पाणी नितळ असेल, त्याची धार कालच्याएवढीच असेल, तर नोंद करून ठेवा आणि पुढच्या पावसात पुन्हा पाहा. धार वाढली किंवा पाणी गढूळ यायला लागलं, तर ती माती भिंतीच्या पोटातली आहे. मग अर्ज लिहीत बसू नका. तहसीलदाराला फोन लावा, आणि तो उचलायची वाट न पाहता त्याच घटकेला वाडी उठवून चढाला न्या.